अंगारकर्म आणि कोल्हापूरचं ओतकाम



गेल्या दशलक्षण पर्वात आमच्या स्वाध्यायात कर्मादानांचा विषय निघाला. श्रावकानं कोणते धंदे करू नयेत, त्याची ती पंधराची यादी. पहिलंच नाव अंगारकर्म. वाचणाऱ्या ताईंनी अर्थ सांगितला की विस्तवावर ज्याचं पोट चालतं ते सगळं यात येतं. कोळसा पाडणं, विटा-भांडी भाजणं, लोहार, सोनार, तांबट यांची कामं. एवढं वाचून त्या थांबल्या आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. सतरंजीवर वीसेक जणी होतो. त्यातल्या निदान सहा-सात जणींच्या घरी फाउंड्री आहे, नाहीतर मशीनशॉप आहे, नाहीतर हुपरीला चांदीचं काम आहे. कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी एक अक्का म्हणाल्या, "पुढचं वाचा."

पुढचं वाचलं गेलं. पण माझं मन तिथंच अडकलं, कारण आमच्या घरचा धंदा ओतकामाचाच. मी बी.कॉम. होऊन या घरात आले आणि वर्षभरात सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, फाउंड्रीच्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. तेव्हापासून हिशेब माझ्याकडे. भट्टी मी लांबून बघितली, पण तिच्या कोकची, वाळूची आणि माणसांच्या हजेरीची नोंद माझ्या हातची आहे. म्हणून म्हटलं, यादी वाचून गप्प बसण्याआधी आपण करतो ते काम काय आहे आणि ते आपल्या भागात कुठून आलं, हे एकदा नीट मांडावं.

आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात ओतकामाची एक वस्तू असतेच. बिडाचा तवा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते ठोकून आकार देता येत नाही, घण मारला तर फुटतं. वितळवून साच्यात ओतायचं आणि निवलं की साचा मोडून काढायचं, हा त्याला आकार द्यायचा मार्ग. त्यात तीन-चार टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते साध्या लोखंडापेक्षा लवकर, साडेअकराशे अंशांच्या आसपास वितळतं. ओतताना मात्र तेराशे-चौदाशे अंशांवर ठेवावं लागतं, नाहीतर साच्याच्या कोपऱ्यात पोचायच्या आतच गोठतं. आपलं तळणीचं तेल दोनशे अंशांच्या आत असतं, त्यावरून अंदाज करा.

हे ओतण्याचं काम किती जुनं आहे? नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस. सगळ्या भरीव ओतलेल्या, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाच्या. त्यांचा काळ कोणता यावर विद्वानांचे वाद झाले, पण बरेच जण त्यांना हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळात धरतात, म्हणजे सुमारे साडेतीन-चार हजार वर्षं. एवढी धातू एका घोटात ओतायची तर किती मुशी एकदम तापवाव्या लागल्या असतील, हा विचार माझ्यासारख्या हिशेब लिहिणारीच्या मनात आधी येतो.

आपल्या कोल्हापुरातही लांब जायला नको. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरी टेकडी सगळ्यांना माहीत आहे. तिथे १९४४ ते १९४६ च्या काळात ब्राँझच्या वस्तू सापडल्या आणि उत्खननही झालं. त्यातला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. वितीपेक्षाही लहान मूर्ती, पण अंगाचे स्नायू, दाढीचे केस सगळं उमटलेलं. तो इथे ओतलेला नाही, रोमन व्यापाराबरोबर आला. समुद्र इथून लांब, पण समुद्राचा देव घाट चढून आला. शाळेच्या सहलीत मुलं त्याच्यापुढून पळत जातात, मीही तशीच गेले होते. लग्नानंतर मोल्डिंग कशाला म्हणतात ते कळल्यावर परत जाऊन बघितला.

असली मूर्ती ओतायची रीत आपल्याकडे लिहून ठेवलेली आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, ज्याचे मांडलिक म्हणून कोल्हापूरचे शिलाहार राज्य करत होते, त्यानं ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात स्वयंपाकापासून हत्तींपर्यंत सगळं आहे आणि धातूची मूर्ती ओतण्याचा विधीही आहे. आधी मेणाची मूर्ती करायची. तिला मेणाच्याच नळ्या लावायच्या. वरून मऊ मातीचा पातळ लेप, सावलीत वाळवायचा, मग दुसरा, मग तिसरा जाड. नंतर विस्तवावर धरलं की मेण वितळून नळीतून बाहेर येतं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत धातू बारीक, न तुटणाऱ्या धारेनं ओतायची, नळीच्या तोंडाशी येईपर्यंत. निवल्यावर माती फोडायची. साचा एकदाच वापरता येतो.

मला यातलं आवडलं ते वजन. मेण आधी तोलायचं, आणि त्यावरून धातू किती लागेल ते ठरवायचं. तांबं-पितळ मेणाच्या आठ ते दहापट, चांदी बारापट, सोनं सोळापट. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं हे कॉस्टिंग! अर्धी मूर्ती भरली आणि धातू संपली असं होऊ नये म्हणून. दुसऱ्यांदा ओतून जोडता येत नाही. पहिला थर निवलेला असतो, दुसरा त्याला चिकटत नाही, मधे रेघ राहते. फाउंड्रीत आजही त्याला कोल्ड शट म्हणतात आणि तो माल भंगारात जातो.

या विधीचं संस्कृत नाव मधूच्छिष्ट विधान. मधूचं उच्छिष्ट म्हणजे मध काढून उरलेलं, म्हणजे मेण. हे नाव कळलं तेव्हा मी जरा दचकलेच. मध आपल्याला वर्ज्य, औषधापुरतासुद्धा नको म्हणणारी घरं आहेत. आणि देवघरातल्या जुन्या पंचधातूच्या जिनमूर्ती त्याच पोळ्याच्या मेणातून जन्मलेल्या. मेण वितळून गेलं, मूर्ती राहिली, आपण तिचा अभिषेक करतो. आता पॅराफिनचं मेणही वापरतात, पण जुन्या काळी ते नव्हतं. शिवाय आपल्यातच जैन कासार आहेत. पिढ्यान्‌पिढ्या तांब्या-पितळेची भांडी करणारे आणि विकणारे श्रावक. पंधरा कर्मादानं लिहिणाऱ्यांनी तांबट धरला, पण मंदिरातला कलश, घंटा, समई कुणीतरी विस्तवाशी बसल्याशिवाय आली नाही.

आता लोखंडाकडे येते. आपल्या भागातल्या ओतकामाची गोष्ट सुरू होते नांगरापासून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर. शेतकरी घेईनात. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, पीक येत नाही, अशी समजूत होती. पहिले नांगर विकायला वर्षं गेली. नंतर बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळावरची जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या माळावर फाउंड्री उभी राहिली. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड तुटलं, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्याची हकीकत आपल्याकडे अजून सांगतात.

आमच्या आजे सासूबाई ही गोष्ट सांगताना शेवटी म्हणायच्या, "तोफ काय, नांगर काय, जीव दोन्हीनं जातो." शेतकरी जैनांच्या घरातलं बोलणं होतं ते. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांनी नांगर हाती धरूनच धर्म पाळला. जमीन उकरताना किती जीव मरतात ते त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

कोल्हापुरात रेल्वे १८९१ ला आली, शाहूपुरीची गुळाची पेठ वसली, पुढे १९०६ ला शाहू मिल. गिरणी, छापखाने, गुऱ्हाळाचे चरक, मोटारी, सगळ्यांना दुरुस्ती लागायची. आणि इथले मेस्त्री लोक दुरुस्ती करता करता नवं बनवणारे. बाबूराव पेंटर हे त्यातलं मोठं नाव. आडनाव मेस्त्रीच. सिनेमाचा कॅमेरा त्यांनी इथेच बनवला आणि पुतळेही घडवले. शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा त्यांचाच, १९४५ सालचा. त्या जागी आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. तो १९४२ च्या चळवळीत दोन बायकांनी विद्रूप केला, भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे. आपल्या मुलींना ही नावं सांगत जा. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा मात्र नंतरचा, रवींद्र मेस्त्रींचा. दोन पाय उचललेला घोडा. असले मोठे पुतळे भरीव ओतत नाहीत, आत गाभा ठेवून पोकळ ओततात, भाग भाग करून जोडतात. दायमाबादच्या हत्तीपेक्षा हे कितीतरी पुढचं काम.

पण शहराचं पोट भरलं ते ऑइल इंजिननं. नदीचं पाणी उसाला चढवायला इंजिन लागे. आधी बाहेरची इंजिनं यायची, ती बिघडायची, तिचे भाग इथे ओतले जायचे. भाग ओतता ओतता शिवाजी उद्यमनगरात अख्खी इंजिनं बनू लागली. साठच्या दशकात तर हे काम भरभराटीला आलं. सिलिंडर, हेड, फ्लायव्हील, सगळं बिडाचं. त्यामुळे गल्लोगल्ली भट्ट्या. पुढे खेड्यात वीज गेली, इलेक्ट्रिक पंप आले, इंजिनं मागं पडली. काही शेड बंद झाल्या, बाकीच्यांनी मोटारी-ट्रॅक्टरचे भाग ओतायला घेतले आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, नंतर कागलच्या बाजूला गेले. आज जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत. तुमच्या दारातल्या ट्रॅक्टरचा किंवा ट्रकचा एखादा भाग इथल्या वाळूतून निघालेला असणं अगदी शक्य आहे.

मी सून म्हणून आले तेव्हा आमच्याकडे क्युपोला होती. उंच उभी भट्टी, वरून एक थर कोकचा, एक लोखंडाचा, थोडी चुनखडी, पुन्हा कोक. चुनखडीनं मळी सुटते, ती हलकी म्हणून वर तरंगते. खाली मातीनं बुजवलेलं भोक पहारीनं फोडलं की बीड धारेनं लॅडलमध्ये येतं. भट्टी रोज पेटत नसे. 'हीट' ठरलेल्या दिवशी. अष्टमी-चतुर्दशीला हीट घ्यायची नाही, हा अण्णांचा नियम. ग्राहक कितीही तातडी करो. आणि हीटच्या रात्री अण्णांचं अनस्तमित चुकायचं, म्हणजे सूर्यास्ताआधी जेवण व्हायचं नाही, मग ते उपाशीच झोपायचे. आता इंडक्शन फर्नेस आली. कोक नाही, धूर कमी, बटण दाबलं की वितळतं. पण वीजबिल बघितलं की मला क्युपोला आठवते.

साचा वाळूचा. वाळू, बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची पूड आणि पाणी अगदी जेमतेम, तीन-चार टक्के. आमचा जुना मोल्डर मूठभर वाळू दाबून बघायचा. बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, आणि मुटका मोडला तर कड ढासळता कामा नये. बेसनाच्या लाडवाची परीक्षा आपण करतो तीच. पाणी कमी झालं तर साचा ढासळतो. पाणी जास्त झालं तर तप्त लोखंड लागताच वाफ होते, ती बाहेर पडायला वाट शोधते, आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. त्यांना ब्लो होल म्हणतात. वरून सुंदर दिसणारा तुकडा लेथवर चढवला की आत भोक सापडतं. तोवर मजुरी, कोक, वीज सगळं लागलेलं असतं.

ओतायची वेळ काही सेकंदांची. धार तुटू द्यायची नाही, मळी लॅडलमध्येच अडवून धरायची, फार जोरात ओतलं तर वाळू खरवडते, फार हळू ओतलं तर आत गोठतं. गुऱ्हाळात काहिलीतला पाक उतरवायची वेळ गुळव्या नजरेनं ठरवतो, तसं इथे रंगावरून ठरवणारे होते. आता मीटर आहे. पण काहिल उतरवायला दोन मिनिटं इकडे-तिकडे झाली तर गूळ जरा काळपट होतो, एवढंच. इथे दहा लिटरच्या बादलीएवढं बीड म्हणजे सत्तर किलो, दोन माणसांनी दांड्याला धरलेलं, चौदाशे अंशांवर.

आणि पाणी हा त्याचा वैरी. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा मागते. ओल्या पळीनं तेल उडतं ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी अडकलं तर तसंच, पण लोखंड उडतं. म्हणून लॅडल आधी तापवून कोरडा करतात, भंगार ओलं टाकत नाहीत, जमीन कोरडी ठेवतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कोरडी जमीन म्हणजे काय ते मी सांगायला नको.

नव्वदच्या दशकातला एक आषाढ. आमच्याच शेडच्या पत्र्यातून पाणी ठिबकत होतं, ते दुरुस्त करायचं दिवाळीनंतर, असं ठरलेलं. लॅडलमधून थोडं बीड त्या ओल्या जागी सांडलं आणि उडालं. एका तरुण मोल्डरच्या पावलावर आलं. त्याच्या पायात चप्पल होती. तेव्हा सगळ्यांच्याच पायात चपला असायच्या. दोन महिने तो घरी होता. दवाखान्याचं बिल आलं तेव्हा अण्णा म्हणाले, "किरकोळ खर्चात टाक." मी टाकलं. चहा, झाडू, खिळे यांच्याखाली.

स्वाध्यायात ताई थांबल्या तेव्हा मला अंगारकर्मापेक्षा ही ओळ आठवली. आपण हिंसेचे चार प्रकार शिकतो, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला संकल्पी सोडायची असते, उद्योगातली टाळता येईल तेवढी टाळायची. आदिनाथ भगवंतांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कामं शिकवली, असं आदिपुराणात आहे, आणि ओतकाम शिल्पातच येतं. एवढ्यावर अण्णा समाधानी होते आणि मीही तसं काही वावगं मानत नाही. कर्मादानांचं विवेचन करणाऱ्या हेमचंद्राचार्यांपुढे बाराव्या शतकातलं गुजरातचं व्यापारी शहर होतं, नांगर धरणारे श्रावक नव्हते, हेही खरं. आपल्या पंडित आशाधरांनीही सागारधर्मामृतात अशा खरकर्मांचा विचार केलाय, त्यामुळे हात झटकून मोकळं होता येत नाही.

पण त्याच स्वाध्यायात आपण कृत, कारित, अनुमोदित हेही म्हणतो. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि होऊ दिलेलं. तिन्हींचा बंध सारखा. आमच्या घरातल्या कुणी लॅडल कधी उचलला नाही. विस्तवाजवळ उभे राहिले ते दुसऱ्याच घरचे. आम्ही अष्टमी पाळली, सूर्यास्ताआधी जेवलो, गाळलेलं पाणी प्यायलो, आणि पत्रा दिवाळीनंतर बघू म्हणालो. एकेंद्रिय जीवांचा हिशेब इतका काटेकोर, आणि पंचेंद्रिय माणसाचं पाऊल किरकोळ खर्चात. हे मी अण्णांना तेव्हा बोलले नाही. मला वाटलं होतं, पण सुनेनं किती बोलावं याचा एक अंदाज असतो ना.

बोलले नाही, पण पुढच्या आर्थिक वर्षाची वही मांडताना एक नवं खातं उघडलं. 'कामगार संरक्षण'. ऑडिटरनं विचारलं, हे कशाला वेगळं? मी म्हटलं, वेगळं दिसलं की विचारलं जातं. पहिल्या वर्षी त्यात पत्र्याची दुरुस्ती आणि चामड्याचे नऊ जोड बूट एवढंच होतं. चामड्याचे बूट घ्यायचे यावर घरात दोन दिवस चर्चा झाली, ती वेगळीच. मेलेल्या जनावराचं कातडं आपण पैसे देऊन घ्यायचं का. कॅनव्हास पेटतं, रबर चिकटतं, उडालेलं बीड चामड्यावरून घसरून जातं. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला, "त्याच्या पायाला काय झालंय ते बघून या आणि मग बोला." अण्णा बघून आले. बूट आले.

तो मोल्डर बरा होऊन परत आला, पण ओतायला नाही, पॅटर्न ठेवायच्या खोलीत. निवृत्त होईपर्यंत तिथेच होता. ते खातं अजून चालू आहे, आता मुलगा बघतो, नोंद मीच करते. गेल्या महिन्यात चौदा जोड बूट, सहा तोंडावरच्या काचा, आणि लॅडल तापवायच्या बर्नरची दुरुस्ती.